लिंबावर टांगलेले दोन तुकडे

तुमच्या सायकलीचं पंक्चर काढून आणलं आणि ते आठवड्याभरात त्याच जागी सुटलं. पुन्हा काढलं, पुन्हा सुटलं. आणि ज्याचं तोंड बघायला तुम्हाला आवडत नाही त्याच्या चाकाचं, त्याच हातानं काढलेलं पंक्चर मात्र दगडासारखं टिकून राहिलं, तर तुम्ही संशय कुणावर घ्याल? खरं सांगा. पंक्चरवाल्यावरच ना?

कनेरगावच्या नाक्यावर सगळ्यांनी तेच केलं. त्यात शेतीवाडीवाले होते, चार बाजार फिरलेले होते, पोथी वाचणारे होते. तेव्हा आपण काही वेगळं केलं असतं, असं समजून छाती फुगवू नका.

ज्याच्यावर संशय घेतला त्याचं नाव वसराम. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या सडकेवर, निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागतं तिथं, येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घेणारा नाका होता. नाक्याच्या अलीकडं एक जुना कडुलिंब, त्या लिंबाखाली अंथरलेलं पोतं आणि पोत्यावर वसराम. त्याच्यासमोर पान्हे, कानस, हातपंप, पाण्याचं घमेलं आणि सुलोचनची डबी. ठिगळ चिकटवायच्या रबरी चिकाला सायकलवाले सुलोचन म्हणतात. एवढंच त्याचं दुकान.

वसराम लमाण तांड्याचा. त्याचा बाप लखमा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी लादून मुलूख तुडवणाऱ्या शेवटच्या माणसांपैकी. पुढं हिंगोलीला आगगाडी आली, सडकेवर गाड्या वाढल्या, लादणीचे बैल दावणीला बसले आणि तांडा दुसऱ्यांच्या शेतात राबायला लागला. पण लखमा मरेपर्यंत एकच सांगत राहिला की वाटेत पोट पाठीला लागलं तरी लोकांच्या गोणीतलं मीठ आपण चाखलं नाही. वसराम हे ऐकत वाढला आणि बापाचा ताठा त्याच्या मानेत उतरला. कुणी "ए लमाण्या" म्हणून हाक मारली की तो पान्हा खाली ठेवायचा.

"माझं नाव वसराम हाय. लमाण म्हणून हाका मारल्या तर समदा तांडा उठून येईल, मग सायकल कोण धरंल?"

समोरचा हसला की हा पुन्हा पान्हा उचलायचा. हसला नाही तर उचलायचा नाही.

वाशीमला एका सायकलच्या दुकानात झाडलोट करता करता त्यानं हे काम उचललं. दुकानदारानं शिकवलं नाही, यानं बघून घेतलं. ट्यूबला तेल लावताना तिथं त्याला कुणी दिसलं नव्हतं. लावू नये, असंही कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा फटीतून आत शिरलं.

त्या मुलखात सायकली तरी किती असायच्या? ज्या होत्या त्या सगळ्या वसरामच्या ओळखीच्या. माणूस वळणावर दिसायच्या आधी चाकाची कुरकुर ऐकून तो सांगायचा, सोनाजी आला. सोनाजी तंबाखूचा व्यापार करायचा. मागच्या क्यारेजला गाठोडं बांधून सेनगावचा बाजार, हिंगोलीचा बाजार करत फिरायचा. दुसरी नावाजलेली सायकल किसनरावांची. किसनराव गावातले मोठे जमीनवाले. त्यांनी ती हैदराबादेहून आणली होती आणि तिची घंटी ते रस्त्यात कुणी नसलं तरी वाजवायचे.

आता तिथली एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. सायकल वसरामकडं दिली की मालक तिथं थांबायचा नाही. समोर चहाचं हॉटेल होतं, तिथल्या बाकड्यावर जाऊन बसायचा. लमाणाच्या पोत्याशेजारी उकिडवं बसणं भल्या माणसाला शोभत नाही, अशी समजूत. कुणी तसं तोंडानं बोलत नसे. पाय आपोआप हॉटेलाकडं वळत. वसरामला ते दिसायचं. तो खाली मान घालून चाक काढायचा.

तिथं उभा राहायचा एकच माणूस, नाक्यावरचा जमादार. तो बाकड्यावर जायचा नाही, कारण त्याचा कुणावरच भरवसा नव्हता. बुटाचं टोक पोत्याला लावून तो वसरामच्या डोक्यावर उभा असायचा.

"जल्दी कर. हवा बराबर भर. पिछले टाइम कम भरा था तू."

"जमादारसाब, हवा माझी न्हाई, देवाची हाय. कमी भरून मी काय घरी नेनार?"

जमादार हसायचा नाही आणि मोबदलाही द्यायचा नाही.

मग लढाई लागली. लढाई कुठं सात समुद्रांपलीकडं आणि इकडं रबर दिसेनासं झालं. वाशीमला नाही, हिंगोलीला नाही. नवी ट्यूब मागितली की दुकानदार, चंद्र मागितल्यासारखा तोंडाकडं बघायचा. आहे तीच ट्यूब जगवायची, एवढंच हातात राहिलं. ठिगळावर ठिगळ बसायला लागलं. उन्हानं रबर तडकायला लागलं, आणि बाभळीच्या काट्यांना तर लढाई असो नसो, सारखंच.

वसरामला बापाची आठवण झाली. लखमा बैलांच्या सामानाचे चामडी पट्टे आणि पाण्याची पखाल दर उन्हाळ्यात करडीच्या तेलानं चोळायचा. तेल पाजलेलं चामडं तडकत नाही, मऊ राहतं, पिढ्यान् पिढ्या चालतं. वसरामनं ट्यूब हातात घेऊन बघितली. काळी, लवचीक, उन्हानं भेगाळलेली. त्याला ती चामड्याची धाकटी बहीणच वाटली. त्या दिवसापासून त्यानं धरलं. ठिगळ बसलं, सुकलं, की बोट तेलात बुडवायचं आणि सगळी ट्यूब, ठिगळाच्या कडांसकट, बाळाला चोळावं तशी चोळायची. मग टायरात घालायची. त्याचा दाम नाही, बोभाटा नाही. मालक समोर चहा पीत बसलेला, त्याला ठाऊकही नाही.

ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला. रूपाबाई दुपारी भाकर घेऊन यायची आणि तेलाची बुधली हलवून बघायची. दोघं आपसांत तांड्याच्या बोलीत बोलायची. ते आपल्या मराठीत असं.

"लेकरांच्या डोक्याला थेंब न्हाई अन् लोकाच्या चाकाला मालीश करून राहिलात."

"तडकली तर नवी कुठून आणतील? लढाई चालू हाय."

"लढाई चाकाला हाय, डोक्याला न्हाई?"

वसराम भाकर मोडायचा. जरा वेळानं ती पुन्हा म्हणायची, "अन् त्या जमादाराच्या ट्यूबला काहून न्हाई लावत?"

"त्याला? बूट घेऊन माझ्या डोक्यावर उभा राहतो तो. घमेल्यातलं पाणीबी द्यायचा न्हाई मी त्याला."

पंधरवडा गेला असेल नसेल, आणि सुरुवात सोनाजीपासून झाली. सेनगावच्या वाटेवर चाक बसलं. तो तंबाखूचं गाठोडं डोक्यावर घेऊन, सायकल ढकलत आला. वसरामनं ट्यूब काढली तर जुनंच ठिगळ सुटलेलं. त्यानं पुन्हा बसवलं आणि मनाला लागलं म्हणून तेल जरा जास्तच लावलं. ते चार दिवसांत सुटलं. मग किसनरावांचं सुटलं, तेही पाहुण्यांच्या गावच्या शिवेवर; नवं धोतर, हातात सायकल आणि बाजूला बघ्यांची पोरं. मग आणखी एकाचं, मग आणखी. वसरामनं सुलोचनची डबी बदलली. कानस बदलली. ठिगळं मोठी कापली. शेवटी लिंबाला नारळ फोडला. जेवढी काळजी वाढली तेवढं तेल वाढलं, आणि जेवढं तेल वाढलं तेवढी ठिगळं लवकर सुटायला लागली.

या सगळ्यात नाक्याच्या जमादाराची सायकल खुशाल फिरत होती.

हॉटेलाच्या बाकड्यावर ही गोष्ट कुणाच्या तरी ध्यानात आली, आणि एकदा आल्यावर ती बाकड्यावरून उठेना. आमचं सुटतं, त्याचं सुटत नाही. म्हणजे चांगला माल त्याला, सडका आम्हाला. म्हणजे हा नाक्याचा माणूस. तिथं 'नाक्याचा माणूस' म्हणजे नाक्यावर नावं पोचवणारा खबऱ्या, ते समजून घ्या. त्या हद्दीवरून लोक काय काय नेत होते. कुणी कापड, कुणी धान्य, कुणी सरकारला नको असलेली छापील पत्रकं. वसराम लिंबाखाली बसून सगळं बघत होता आणि कुणाचं नाव त्याच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. त्याच भरवशावर तो त्या जागी बसू शकत होता. भरवसा गेला की लिंब गेला, आणि लिंबाबरोबर सगळ्या तांड्याचं नाव. आधीच गावात काही हरवलं की लोक पहिल्यांदा तांड्याकडं बघत.

एके सकाळी किसनराव चालतच आले. मागं सोनाजी आणि आणखी दोघंतिघं. किसनरावांनी ट्यूब वसरामच्या पोत्यावर टाकली.

"काहून करून राहिला रे तू असं?"

"काय केलं, मालक?"

"तेच इचारतो. काहून? आमी तुला काय तकलीफ दिली? त्या जमादाराची ट्यूब शाबूत अन् आमची दर बाजाराला सुटते. तो काय देतो तुला?"

"तो शिवी देतो, मालक. पाहिजे तर तुमाला वाटून देतो."

सोनाजीला हसू फुटलं, पण किसनरावांचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

"जीभ लई चालून राहिली तुही," किसनराव म्हणाले. "येत्या बाजारच्या दिवशी हा लिंब मोकळा पाहिजे. तुहं पोतं घे अन् पलीकडं वऱ्हाडात जाऊन बस, न्हाई तर तांड्यावर जा. हितं नको."

ते गेले. वसराम तसाच बसून राहिला. अपमान त्याला नवा नव्हता. पण आजवरचा अपमान जातीवरून झालेला, त्याला त्याच्याकडं उत्तर होतं. हा हातावरून झाला होता. आणि खरी गोम अशी की ठिगळं का सुटतात हे त्यालाही माहीत नव्हतं. आपण बेइमान नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मग दोष कशाचा, हे सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी रूपाबाई भाकर घेऊन आली तेव्हा जमादार नेहमीसारखा पोत्याला बूट लावून उभा होता. नवा काटा रुतला होता. वसरामनं त्याची ट्यूब बाहेर काढली आणि थबकला. त्याचं स्वतःचं जुनं ठिगळ तिथं होतं. ट्यूबच्या अंगचंच असावं तसं. कडेला नख घालून बघितलं, नख आत जाईना. ट्यूब कोरडी, धुळकट, पण घट्ट. शेजारीच किसनरावांनी टाकलेली ट्यूब पडली होती. ती उचलली तर हातात गुळगुळीत, फुगल्यासारखी, आणि ठिगळ बोटानं सालीसारखं निघालं. खाली ओशट.

"क्या देखता है? जल्दी कर," जमादार म्हणाला.

वसरामनं मुकाट्यानं काम केलं आणि त्याला वाटेला लावलं. मग दोन्ही हात पुढं धरून बसला. रूपाबाईनं विचारलं, "काय झालं?"

"याचं ठिगळ मीच बसवलं होतं. तीच डबी, तीच कानस. मग याचंच कसं टिकलं?"

"बसवताना कसं बसवलं होतं?"

"समद्यांचं बसवतो तसंच."

"समद्यांचं कुठं?" ती म्हणाली. "त्याला तेल न्हाई लावत तुमी."

कितीतरी लोकांनी त्याला 'काहून' विचारलं होतं. 'कसं' विचारणारी ती पहिली.

वसरामनं जुन्या ट्यूबचे दोन सारखे तुकडे कापले. एकाला तेल चोळलं, एक कोरडा ठेवला, आणि दोन्ही लिंबाच्या फांदीला शेजारी शेजारी टांगले. दोन दिवसांत तेलाचा तुकडा फुगला, मग लांबला, बोटाला चिकटायला लागला. कोरडा होता तसाच राहिला. वसराम रोज सकाळी त्यांच्याकडं बघायचा. ज्यांच्यावर माया केली त्यांची चाकं त्यानं मारली होती आणि ज्याचा राग केला त्याचं वाचवलं होतं. हा हिशेब त्याच्या मनाला कुठूनही जुळेना.

तांड्याचे नायक धनसिंग त्याला समजवायला आले. नायकाचा शब्द तांडा मोडत नाही.

"बाजारच्या दिवशी सांग, लढाईचं सुलोचन खराब आलं," ते म्हणाले. "कोणीबी मानंल. लढाईवर कायबी ढकलता येतं."

"ते खोटं हाय, नायक."

"अन् खरं सांगून काय करशील? लमाणानं ट्यूबला तेल पाजलं! बाजारभर हसतील. तुझ्या एकट्याला न्हाई, तांड्याला हसतील."

वसरामनं हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "मिठाच्या गोणीत पाणी शिरलं तर माझा बाप काय सांगायचा? पाणी शिरलं असंच सांगायचा ना? हसू द्या, नायक. अडाणी म्हणतील ते म्हणू द्या. बेइमान म्हणून मी या लिंबाखालून उठनार न्हाई."

नायक उठले, पागोटं सारखं केलं. "बापावर गेलास," एवढंच बोलले. त्यांना हे पटलं की नाही ते कळलं नाही. पण बाजारच्या दिवशी ते लिंबाखाली येऊन बसले होते.

त्या दिवशी किसनराव आले, सोनाजी आला, बाजाराला निघालेले लोक थांबले. वसराम उभा राहिला आणि त्यानं फांदीवरचे दोन तुकडे दाखवले.

"हे हात लावून बघा. ह्याला तेल हाय, ह्याला न्हाई. तुमच्या समद्यांच्या ट्यूबला मी तेल लावत होतो. जमादाराला लावलं न्हाई."

लोकांनी तुकडे चाचपले. एकानं फुगलेला ओढून बघितला, तो फाटक्या पदरासारखा लांबला. किसनराव म्हणाले, "म्हंजी जाणून न्हाई केलं म्हणतोस?"

"जाणूनच केलं, मालक. तेल जाणूनच लावलं. पर ट्यूब जगावी म्हणून."

"अन् सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी समोर बाकड्यावर असता. तिकडं येऊन सांगू का तुमाला तेल लावलं म्हणून?"

मग सोनाजी हळूच म्हणाला, "आता समजलं. दर पंक्चरनंतर चाकाला तेलातल्या धपाट्याचा वास काहून येतो ते. मला वाटायचं घरची शिदोरीच सांडली."

हसू उसळलं. नायक म्हणाले होते तसंच झालं, बाजारभर झालं. वसरामला लोक बरेच दिवस 'मालीशवाला' म्हणत राहिले. पण नाक्याचा माणूस म्हणाले नाहीत. लिंब मोकळा करायची गोष्टही पुन्हा निघाली नाही. वसरामनं एकेकाच्या घरी जाऊन ट्यूबा गोळा केल्या. रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं घासून त्यांचं तेल काढलं, उन्हात सुकवल्या, कानस मारून नवी ठिगळं बसवली. बऱ्याच वाचल्या.

किसनरावांची वाचली नाही. तिला सर्वांत जास्त तेल मिळालं होतं. नवी ट्यूब तर कुठंच नव्हती. वसरामनं अंबाडीचा दोर वळला, बैलांच्या गोणीला आवळायचा तसा पिळदार, आणि तो टायरात गच्च भरून टायर रिमवर चढवला. हवाच नाही, तर पंक्चर कुठलं? किसनराव बसून एक चक्कर मारून आले तेव्हा त्यांचं पागोटं कानावर आलं होतं.

"मालक, बैलगाडीत बसल्यावानी वाटून राहिलं का?" सोनाजीनं विचारलं.

"बैलगाडीला निदान बैल तरी असतात," किसनराव म्हणाले. पण लढाई संपेपर्यंत त्यांनी तेच चाक चालवलं.

पुढं लढाई संपली, वाशीमला नवी ट्यूब मिळाली आणि ती घालायला किसनराव लिंबाखाली आले. सायकल वसरामच्या हाती दिली. पाय सवयीनं हॉटेलाकडं वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. परत फिरले. धोतर सावरून, पोत्याच्या कडेला, मातीत उकिडवे बसले.

"कर," म्हणाले. "मी हितंच हाय."

वसरामनं चाक काढायला सुरुवात केली. हा माणूस पुन्हा तेल लावू नये म्हणून पहारा करतोय की आपल्याजवळ बसायला आलाय, ते त्याला कळेना. त्यानं विचारलंही नाही. थोड्या वेळानं त्यानं टायरची कड पुढं केली आणि म्हणाला, "जरा धरा." किसनरावांनी धरली.

आता नाक्यावर निजामाचे शिपाई नाहीत. निजामाविरुद्ध लढून तुरुंगात गेलेल्यांचे गावोगाव सत्कार होत आहेत; व्हायलाच पाहिजेत. कुणाचंही नाव न सांगता त्या लिंबाखाली बसून राहिलेल्या माणसाला हार घालायचं अजून कुणाला सुचलेलं नाही, आणि आणला तर तो आधी 'हे काहून' म्हणून विचारील. त्याचं पोतं तिथंच आहे. ते दोन तुकडेही फांदीवर आहेत. एक लोंबून पार विरून गेलाय, दुसरा अजून धड आहे. कधी त्या सडकेनं गेलात आणि चाक बसलं, तर सायकल त्याच्याकडं द्या, पण समोरच्या बाकड्यावर जाऊ नका. जरा धोतर मळू द्या आणि त्याच्याजवळ बसा.